सरखेल कान्होजी आंग्रे

गेल्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहालयांतील जुन्या कपाटांची झाडलोट चालली असतां इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याच्या हातीं एक जुनें इंग्रजी पुस्तक आलें. पुस्तकाची बांधणी सुटली होती, कडा वाळवीनें खाल्ल्या होत्या. परंतु मुंबईच्या किनाऱ्याचा एक नकाशा त्यांत शाबूत होता, आणि त्या नकाशावर अलिबागेच्या समोर हें आंग्रे नांवाच्या चाच्याचें ठाणें, अशा अर्थाची बारीक अक्षरांत नोंद होती. विद्यार्थी तें पुस्तक घेऊन आमच्याकडे आला व त्यानें विचारलें कीं, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल म्हटलें आहे, ते हेच काय? आणि हेच असतील, तर दोहोंपैकीं खरें कोणतें?

तासाच्या उरलेल्या पांच मिनिटांत या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. शिवाय आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. तेहि मिशनच्या शाळेंतच शिकले होते, आणि त्यांच्या शाळेच्या वहींत, सुंदर वळणदार अक्षरांत, आंग्रे म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर असेंच उतरून घेतलेलें आम्हीं लहानपणीं वाचलें होतें. तेव्हां हें उत्तर एका विद्यार्थ्याचेंच देणें नव्हे, तर घरचेंहि देणें आहे असें समजून आम्ही तें येथें देत आहों.

आरे कॉलनी व तिच्या भोंवतालचे पाडे, गोरेगांव, मरोळ, पवई येथून आमचीं मुलें शाळेस येतात. येथें डोंगर आहेत, तबेले आहेत, गवताचीं कुरणें आहेत. समुद्राची आठवण व्हावी असें मात्र फारसें कांहीं नाहीं. तथापि तीनशें वर्षांपूर्वींची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. त्या काळीं मुंबईचें बेट इंग्रज कंपनीच्या ताब्यांत होतें, परंतु माहीमची खाडी ओलांडली कीं इंग्रजांचा अंमल संपे. आपण ज्या भूमीवर राहतों ती साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचा सगळा मुलूख, पोर्तुगिजांचा होता, आणि त्यांच्या या उत्तरेकडील प्रांताची राजधानी वसई ही होती. सुरतेस मोंगल, जंजिऱ्यास सिद्दी, गोव्यास पुन्हा पोर्तुगीज, मलबारांत डच. इतक्या जणांचीं जहाजें ज्या समुद्रावरून ये-जा करीत, त्या समुद्राला धनी कोण, हा त्या काळचा खरा वाद होता. कान्होजीचें सारें आयुष्य या एका वादांत गेलें.

कान्होजीचा जन्म १६६९ सालचा. घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी या गांवावरून आंग्रे हें नांव पडलें. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारांत चाकरीस असून त्यांची नेमणूक हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग या जलदुर्गावर होती. कान्होजीचें बाळपण तेथेंच गेलें. भरतीचें पाणी तटाला येऊन आदळत आहे, कोळ्यांच्या होड्या परतत आहेत, तांडेल वाऱ्याचा रंग पाहून शीड बांधीत किंवा सोडीत आहे, हीच त्याची शाळा. घोड्यावर बसून मोठे झालेले मराठे सरदार पुष्कळ झाले. होडींत बसून मोठा झालेला हा एक.

१६८८ च्या सुमारास सिद्दीनें सुवर्णदुर्गास वेढा घातला. त्या वेळची एक हकीकत परंपरेनें चालत आली आहे, ती अशी. किल्लेदार आंतून शत्रूस मिळाला होता. हें कळतांच तरुण कान्होजीनें सोबत्यांच्या साहाय्यानें त्यालाच कैद केलें, किल्ला स्वतः लढविण्याचें पत्करलें, व एके रात्रीं बाहेर पडून सिद्दीवर छापा घातला. त्यांत तो स्वतः पकडला गेला. परंतु पहारा चुकवून त्यानें समुद्रांत उडी टाकिली आणि पोहत पोहत तो पुन्हा तटाशीं आला. वेढा पुढें उठला. या हकीकतींत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगणारांनीं कांहीं भर घातली असेल. परंतु सुवर्णदुर्ग सिद्दीच्या हातीं गेला नाहीं व कान्होजीचें नांव तेथून पुढें आलें, एवढें निश्चित.

पुढचीं वर्षें मराठी राज्याला फार कठीण गेलीं. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. कोंकणांतील किल्ल्यांस वरून पैका येईना कीं माणसें येईनात. अशा वेळीं किनारा ज्यानें त्यानें आपल्या हिंमतीवर राखावयाचा होता. आरमाराचा मुख्य सिधोजी गुजर १६९८ सालीं वारला, आणि तो अधिकार कान्होजीकडे आला. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापति. त्यानें आपलें मुख्य ठाणें अलिबागेसमोरील कुलाबा किल्ल्यांत केलें. हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं, आपल्या अखेरच्या वर्षीं, बांधावयास काढिला होता. ओहोटीच्या वेळीं त्यास पायीं जातां येतें, भरतीला तो बेट होतो. येथून मुंबई बंदराच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट जवळ. म्हणजे इंग्रजांचें एकहि जहाज कान्होजीच्या नजरेखालून गेल्यावांचून दक्षिणेस जाणें अवघड.

त्याच्या जहाजांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मुलांना तलवारीची माहिती असते, गुराबेची नसते. गुराब हें दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें, उथळ तळाचें लढाऊ जहाज. त्याच्या पुढच्या टोंकाशीं मोठ्या तोफा समोर तोंड करून बसविलेल्या असत. गलबत त्याहून पुष्कळ लहान व हलकें. त्याला शीड असेच, पण खरा भरंवसा चाळीस-पन्नास वल्ह्यांवर. इंग्रजांचीं जहाजें उंच, जड व कुशींत तोफा बाळगणारीं. भर समुद्रांत वारा असला म्हणजे त्यांच्यापुढें टिकाव लागणें कठीण. म्हणून कान्होजीचे लोक वारा पडण्याची वाट पाहत. वारा पडला कीं मोठें जहाज जागच्या जागीं खिळे. मग गलबतें वल्हीं मारीत गुराबांना दोरानें ओढून त्याच्या पिछाडीस आणीत, कारण तेथें त्याच्या तोफा लागू पडत नसत. आधीं शिडें व डोलकाठ्या तोडावयाच्या, मग चोहोंकडून गलबतें भिडवून माणसें वर चढवावयाचीं. पाठलाग झाला तर खाडींत शिरावयाचें, जेथें खोल तळाच्या जहाजाला पाणीच पुरणार नाहीं. दुर्बळानें बलवंताशीं कसें लढावें याचा विचार सह्याद्रीच्या घाटांत जसा झाला होता, तसाच हा पाण्यावर झाला. विजयदुर्गाच्या खाडींत जहाजें बांधण्याची व दुरुस्तीची गोदीहि होती.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. चांचा कोणास म्हणावें? जो कोणत्याहि राजाच्या हुकुमावांचून, केवळ लुटीसाठीं, भेटेल त्या जहाजावर हल्ला करतो तो चांचा. कान्होजीची रीति निराळी होती. हा समुद्र छत्रपतींच्या अमलाखालचा, यावरून व्यापार करावयाचा असेल तर आमचें दस्तक घ्यावें व त्याची फी भरावी. दस्तक असेल त्यास आम्ही राखूं, नसेल त्याचें जहाज धरूं, असें त्याचें म्हणणें होतें. ही कल्पना त्यानें नवी काढली नव्हती. पोर्तुगीज दोनशें वर्षें हिंदी व्यापाऱ्यांस आपले परवाने घ्यावयास लावीतच होते, आणि इंग्रजहि आपले परवाने देत. राग आला तो मराठ्यानें तेंच केलें म्हणून.

इंग्रजांचें गाऱ्हाणें अगदींच पोकळ होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कंपनीचीं जहाजें सोडावयाचीं असें ठरलेलें असतांहि कधीं कधीं तीं धरलीं गेलीं. आणि ज्या गरीब खलाशाचें किंवा लहान व्यापाऱ्याचें तारूं गेलें, त्यास दस्तकाचा न्याय कोणाच्या बाजूचा, हें ऐकून समाधान झालें नसेल. परंतु भांडणाचें मूळ वेगळें होतें. मुंबईचे व्यापारी आपल्या मालाच्या जहाजांवर इंग्रजांचें निशाण लावीत व दस्तकाची फी चुकवीत. निशाण कोणाचें हें पाहावें कीं माल कोणाचा हें पाहावें? इंग्रज म्हणत निशाण पाहा. कान्होजी म्हणे माल पाहूं.

१७१२ सालच्या नोव्हेंबरांत या भांडणानें एका निरपराध बाईचा संसार बुडविला. कंपनीच्या कारवारच्या वखारीचा मुख्य टॉमस चाऊन हा आपल्या तरुण पत्नीसह मुंबईहून गव्हर्नराच्या सशस्त्र नौकेंतून कारवारास निघाला होता. कान्होजीच्या जहाजांनीं त्यांस गांठलें. लढाईंत तोफेचा गोळा लागून चाऊनचा हात तुटला व तो पत्नीच्या मांडीवर प्राणांस मुकला. बाई कैदी झाली. पुढें तीस हजार रुपये दंड घेऊन १७१३ च्या फेब्रुवारींत तिला मुंबईस पोंचविण्यांत आलें, आणि त्याच वेळीं उभयतांत तहहि झाला. शिवाजी महाराजांची शिस्त ज्यांनीं वाचली आहे त्यांना हा दंड खटकल्यावांचून राहणार नाहीं, आम्हांसहि खटकतो. थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना अशी पानें चिकटवून टाकण्याची जी चाल आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

त्याच सुमारास घाटावर दुसरी लढाई चालू होती. औरंगजेबाच्या मरणानंतर शाहू महाराज सुटून आले, तेव्हां कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होता. शाहूंनीं आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्याच्यावर पाठविलें. कान्होजीनें पेशव्यालाच कैद करून लोहगडासारखा घाटमाथ्याचा किल्ला घेतला. आतां तो साताऱ्यावर चालून येतो कीं काय अशी धास्ती पडली. तेव्हां १७१३ च्या नोव्हेंबरांत बाळाजी विश्वनाथ भट यांस पेशवाईचीं वस्त्रें देऊन रवाना करण्यांत आलें. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोंकणचेच. त्यांनीं तोफा न डागतां लोणावळ्याजवळ कान्होजीची गांठ घेतली व आपसांत लढून सिद्दीचें व फिरंग्यांचें मात्र फावेल हें त्यास पटवून दिलें. कान्होजी शाहूंकडे आला, पिंगळे सुटले, आणि सरखेलीसह दहा जलदुर्ग व सोळा इतर किल्ले कान्होजीकडे कायम झाले. तेव्हांपासून त्याची पाठ मोकळी झाली. पुढें १७२१ सालीं या समेटाचें मोल काय होतें तें दिसून आलें.

१७१५ च्या डिसेंबरांत चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. हा माणूस कर्तबगार. त्यानें मुंबईभोंवतीं तट बांधविला, लढाऊ जहाजें बांधविलीं, आणि आंग्र्यांचा नाश करण्याचा चंग बांधला. १७१७ सालीं विजयदुर्गावर स्वारी झाली, ती फसली. १७१८ च्या नोव्हेंबरांत खांदेरीवर झाली, तीहि फसली. १७२० सालीं पुन्हा विजयदुर्गावर. या वेळीं इंग्रजांनीं मोठा खर्च करून सपाट तळाचा, जाड लांकडांचा एक तरता तोफखाना मुद्दाम बांधून नेला होता. त्याच्या तोफांचे गोळे किल्ल्यापर्यंत पोंचेनात!

एकामागून एक अपयश आलें म्हणजे मनुष्य आपली चूक शोधण्याऐवजीं घरांत फितूर शोधूं लागतो. मुंबईंत रामा कामती म्हणून एक बडा शेणवी व्यापारी होता. कंपनीचा तो जुना स्नेही. संकटांत त्यानें माणसें व पैका पुरविला होता. वाळकेश्वराचें देऊळ त्यानेंच नव्यानें बांधविलें. आणि १७१८ सालीं नाताळच्या दिवशीं मुंबईंतील इंग्रजांचें पहिलें देवालय, म्हणजे आजचें सेंट टॉमस कॅथीड्रल, उघडलें, त्या समारंभास हा हिंदु गृहस्थ आपल्या ज्ञातीच्या मंडळीसह हजर होता. चर्चगेट स्टेशनावर आमच्यापैकीं कितीजण रोज उतरतात. ज्या देवळाच्या वाटेवरील दरवाजावरून तें नांव पडलें, तें हेंच देऊळ. रामा कामतीनें कान्होजीशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून १७२० सालीं बूननें त्याच्यावर खटला चालविला. पुरावा म्हणून एक पत्र पुढें आलें. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांवर पेंच आवळून जबानी घेण्यांत आली. रामा कामतीस जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि मुंबईच्या किल्ल्यांतील तुरुंगांतच १७२८ सालीं तो मेला. तें पत्र बनावट होतें असें मागाहून उघडकीस आलें. पण तोंवर रामा कामती जिवंत नव्हता.

हा प्रसंग कान्होजीच्या चरित्रांत कशास, असें कोणी विचारील. आम्ही तो एवढ्यासाठीं लिहिला कीं, त्या नाताळच्या प्रार्थनेंत आसन घेऊन बसलेला बून आणि अंगठ्यांना पेंच लावून घेतलेली साक्ष मान्य करणारा बून एकच होता. आणि आमच्या आजोबांच्या वहींत यांपैकीं एकाहि गोष्टीची नोंद नव्हती.

१७२१ च्या अखेरीस मोठा घाट घालण्यांत आला. मादागास्कराकडच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यास म्हणून इंग्लंडच्या राजाचीं चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज हा आला होता. इंग्रज व पोर्तुगीज यांची एकी झाली, गोव्याचा व्हाइसरॉय जातीनें आला, आणि सहा हजारांच्या आसपास फौज चौलाच्या बाजूनें कुलाब्यावर चालून गेली. इकडे शाहू महाराजांकडून बाजीराव पेशवे व पिलाजी जाधव हे घोडदळासह घाट उतरून आले. इंग्रजांनीं तटास शिड्या लावून हल्ला केला, तो मागें रेटला गेला. मराठ्यांचें घोडदळ पोर्तुगिजांच्या बाजूवर तुटून पडतांच त्यांची फळी फुटली व पळापळींत इंग्रजांच्या तोफा व दारूगोळा मागें राहिला. खुद्द मॅथ्यूजच्या मांडींत एका स्वाराचा भाला लागला. तो रागानें त्या स्वारामागें घोडा फेंकीत गेला, तेव्हां आपल्या पिस्तुलांत बार भरलेला नाहीं हें त्याच्या ध्यानीं आलें, असें त्याच्याच बाजूच्या लोकांनीं लिहून ठेविलें आहे. पोर्तुगिजांनीं १७२२ च्या जानेवारींत मराठ्यांशीं निराळा तह केला, व इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले. त्याच महिन्यांत बूनहि विलायतेस गेला. मॅथ्यूज पुढें ॲडमिरल झाला, आणि १७४४ सालच्या तूलाँच्या लढाईनंतर चौकशी होऊन नोकरींतून निघाला. तो निराळा इतिहास.

१७२४ सालीं डचांनीं सात जहाजांनिशीं विजयदुर्ग घेण्याचा यत्न करून पाहिला. त्यांचीहि तीच गत झाली.

बूनच्या मागून विल्यम फिप्स हा गव्हर्नर झाला. त्यानें १७२४ सालीं कान्होजीस पत्र लिहून लुटीवर जगणाऱ्याचें वैभव टिकत नाहीं, असा उपदेश केला. कान्होजीनें धाडलेलें उत्तर इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा कीं, लोभाचा दोष एकट्या आमचाच नव्हे, व्यापारीहि त्यापासून मुक्त नाहींत, जगाची चालच तशी आहे. शिवाजी महाराजांनीं चार पादशाह्यांशीं लढून आपल्या बळावर राज्य मिळविलें, आमचा आरंभ तेथून आहे. तें टिकेल न टिकेल हें ईश्वर जाणे. आणि करार कोणी मोडले हें आपण आपल्याच मनास विचारावें. भाषेंत कोठेंहि शिवी नाहीं, धमकी नाहीं. फिप्सच्या आधींच्या गव्हर्नराचा पराक्रम ज्यानें धुळीस मिळविला होता, त्या माणसाचें हें पत्र आहे हें लक्षांत ठेवून तें वाचलें पाहिजे.

४ जुलै १७२९ रोजीं, साठाव्या वर्षीं, कान्होजी अलिबाग येथें वारला. जुलै महिना, समुद्र खवळलेला, सारीं गलबतें खाडींत ओढून ठेवलेलीं. त्याच्या हयातींत त्याचा एकहि मुख्य जलदुर्ग शत्रूस घेतां आला नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती लांबविण्यांत आनंद नाहीं. वडील पुत्र सेखोजी १७३३ सालीं वारला. संभाजी व मानाजी हे भाऊ भांडले. एकाकडे कुलाबा, दुसऱ्याकडे दक्षिणेचे किल्ले अशी दौलतीची वांटणी झाली. संभाजीच्या मागून आलेल्या तुळाजीचें पेशव्यांशीं हाडवैर पडलें. अखेर पेशव्यांनींच इंग्रजांना हाताशीं धरलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग गेला, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जाळून टाकलें. बाळाजी विश्वनाथांनीं लोणावळ्यास जो समेट केला होता, तो त्यांच्याच नातवानें मोडला. कुलाब्याची धाकटी शाखा मात्र संस्थान म्हणून राहिली. तीहि १८४० सालीं खालसा झाली.

मुंबईंतील जुन्या किल्ल्याच्या, म्हणजे ज्यास इंग्रज बॉम्बे कॅसल म्हणत त्याच्या, भिंती व दरवाजा फोर्ट भागांत अद्याप उभे आहेत. बूननें आपल्या स्वाऱ्यांचे बेत येथेंच केले, रामा कामती येथेंच मेला. ही जागा आज भारतीय नौदलाच्या ताब्यांत आहे, आणि १९५१ सालीं नौदलानें तेथील आपल्या ठाण्यास आंग्रे हें नांव दिलें. खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले.

पुस्तक सांपडलेला तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. नाताळच्या सुटींत वर्गाला घेऊन अलिबागेस जावयाचें आम्हीं ठरविलें आहे: गेटवेहून लाँचनें मांडव्यापर्यंत, तेथून मोटारीनें अलिबाग, गांवांत कान्होजीची समाधि पाहून मग किल्ल्याकडे. ओहोटी किती वाजतां लागते याची चौकशी त्यानें आतांपासूनच चालविली आहे.